सायकलीपुरती

सिस्टर वारली तेव्हा तिचा दुखवटा माझ्या घरी आला.

चुडावा गावाहून आलेले दोघं जण होते, एक म्हातारा आणि एक तरणा. तरण्याच्या हातात पिशवी. दार मीच उघडलं. म्हाताऱ्यानं चपला काढल्या, मान खाली घातली आणि म्हणाला, "गुरुजी हायत का घरी? लय वाईट झालं बघा. घरच्या गेल्याचं आमाला कालच कळालं."

"कोणाच्या घरच्या?" मी विचारलं.

"गुरुजीच्या. सिस्टरबाई."

मी म्हणाले, "गुरुजीच्या घरची मी. गेली ती आमची भाडेकरू."

दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. तरण्यानं पिशवी पाठीमागं नेली. तिच्यात काय आहे हे मला न बघता माहीत होतं. बायको गेलेल्या माणसाला आमच्याकडं दुखवट्याची टोपी आणि टॉवेल देतात. एवढ्यात गुरुजी, म्हणजे माझा नवरा, आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता हसतील, त्या दोघांना समजावून सांगतील. त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "आणलंय तर द्या." टोपी डोक्यावर घातली, टॉवेल खांद्यावर घेतला आणि भिंतीला टेकून बसले. ते दोघंही समोर बसले. मी आत जाऊन चहा टाकला. माझ्या मरणाचा चहा मीच केला, असं म्हटलं तरी चालेल.

शेजारणी मला म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल कशाला मनात ठेवायचं. मी ठेवते. मन माझं आहे, त्यात काय ठेवायचं ते मी बघते. तोंडावर मी तिला अहो-जाहोच करायची, मनात मात्र कायम 'ती' म्हणायची. इथंही तसंच लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. फिरवून फिरवून लिहिणं मला जमत नाही.

परभणीत आमच्या घराच्या मागं एक खोली आहे. ती गुरुजींनी तिला भाड्यानं दिली, मला न विचारता. जन्मभर खेड्यापाड्यांतल्या सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून नोकरी केलेली, लग्न न केलेली, रिटायर झालेली बाई. सामान म्हणजे एक ट्रंक, एक बाज, एक स्टोव्ह आणि सायकल. खोली लहान. सायकल आणि बाज दोन्ही आत मावेनात. तिनं सायकल आत घेतली आणि बाज बाहेर पत्र्याखाली टाकली. मी म्हणाले, "अहो, थंडीत बाहेर झोपणार का तुमी?" तर म्हणते, "सायकल गंजते. मी गंजत नाही." आणि त्याच पत्र्याखाली ती शेवटपर्यंत झोपली. कडाक्याची थंडी पडली की दोन वाकळा घ्यायची, पण सायकल काही बाहेर आली नाही.

तिची नमस्कार करायची रीत वेगळी होती. बाईमाणूस समोर आलं की ही हात जोडायची नाही. अंगठ्यानं त्या बाईच्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढायची आणि आत लाली आहे का बघायची. मग सांगायची, "रक्त कमी आहे. खारीक खा." पहिल्या दिवशी माझीही ओढली. मी तिच्या हातात दुधाचा तांब्या द्यायला गेले होते. दूध सांडलं. ती म्हणाली, "तुमचं बरं आहे, राग भरपूर आहे."

आमच्या गल्लीत एका पोरीचं लग्न होतं. सिस्टर आहेर द्यायला स्टेजवर चढली आणि हजार माणसांदेखत तिनं नवरीची पापणी ओढली. फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. त्या पोरीच्या अल्बममध्ये तो अजून आहे. सिस्टर वाकून डोळ्यात बघायलीय आणि नवरदेव घाबरून पाठीमागं सरकलाय. पोरीची आई मला येऊन म्हणाली, "तुमच्या भाडेकरणीला काही रीतभात हाय का न्हाई?" मी म्हणाले, "गुरुजीला विचार. त्यांनी आणलीय." पोरीला खरंच रक्त कमी होतं. पण लग्नात कुणी बघतं का?

ती कुणाच्या घरी बसायची नाही. दारात सायकल धरून उभी राहायची आणि उभ्यानंच बोलायची. "मी बसले की बायका रडायला लागतात," म्हणायची. "उभी राहिले की कामाचं बोलतात." कुणी रडगाणं सुरू केलं की थोडं ऐकायची आणि म्हणायची, "बरं. पुढचं बोला." माझा भाऊ गेला तेव्हा मी अंगणात बसून रडत होते. ही सायकल धरून उभी. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "बरं. पुढचं बोला. तेराव्याला माणसं किती येतील? दळण आणायचं का?" मला इतका राग आला की रडू थांबलं. ती गव्हाचं पोतं कॅरिअरला बांधून गिरणीत गेलीसुद्धा.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. भाडेकरू विचित्र असली तर असू दे. पण गुरुजी बदलले.

गुरुजी म्हणजे जेवलेलं ताट न उचलणारा माणूस. पाण्याचा माठ हातभर अंतरावर असला तरी मला हाक मारणार. शाळेतून रिटायर झाले ते खुर्चीत बसले, आणि मला वाटलं आता इथून उठायचे नाहीत. तर सिस्टर आल्यावर वर्षाच्या आत ते तिच्या सायकलची चेन रॉकेलनं धुवायला लागले. पंक्चर काढायला शिकले. परातीत पाणी घेऊन त्यात ट्यूब बुडवून बसायचे आणि बुडबुडा दिसला की पोरासारखे ओरडायचे, "सापडलं, सिस्टर!" ती परात माझी, कणीक मळायची. मी एकदा तोंड उघडलं तर म्हणाले, "धुऊन देतो ना." धुऊन देतो! लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

मग स्वतःसाठी जुनी सायकल विकत आणली. सकाळी उठून दोघं वसमत रोडनं जायचे आणि उन्हं वर आल्यावर परत यायचे. परत येताना गुरुजी हसत यायचे. काय बोलायचात, विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, असंच." मला 'असंच' बोलणारा नवरा कधी मिळाला नाही. माझ्याशी ते कामाचं बोलायचे. दळण, गॅस, लाईटबिल, लेकीचा फोन.

आता सायकलफेरीचं सांगते. सरकारी दवाखान्यात पेशंटबरोबर आलेली माणसं रात्री बाहेर फरशीवर झोपतात. थंडीत त्यांना पांघरायला काही नसतं. सिस्टरनं नोकरीत असताना ते बघितलं होतं. म्हणून दरवर्षी संक्रांतीच्या आधी ती आठवडाभर जिल्ह्यात सायकलवर फिरायची आणि गावोगावच्या बायकांकडून जुन्या साड्या मागायची. त्या साड्यांच्या वाकळा करून दवाखान्यात द्यायच्या. आधी एकटी जायची. मग परभणीतले एक डॉक्टर, बँकेतले साहेब, कॉलेजातले मास्तर असे लोक तिच्यासोबत जायला लागले. घट्ट चड्ड्या, डोक्याला हेल्मेट. ती मात्र पांढरी साडी खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून. मागं एक टेम्पो, साड्या भरायला. आणि तिच्या शेजारी आमचे गुरुजी.

वाकळा कोण शिवायचं? मी. गल्लीतल्या बायका गोळा करून, उन्हात बसून, मान मोडेपर्यंत. सिस्टरला माणसाला टाके घालता यायचे, वाकळेला नाही. तिचा दोरा सगळा नागमोडी. पण पेपरात फोटो तिचा यायचा, सायकलसकट. सुई हातात घेऊन बसलेल्या म्हातारीचा फोटो कोण छापणार?

तीन-चार वर्षं हे असं चाललं. मग एका वर्षी मी ठरवलं, बघून तर यावं हे गावोगाव काय चालतं. फेरी निघून दोन दिवस झाले होते. चुडाव्याला मुक्काम आहे हे मला ठाऊक होतं. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधली आणि पहाटेच्या गाडीनं चुडाव्याला उतरले. कुणाला सांगितलं नाही.

स्टेशनपासून शाळा जवळच. मैदानात भोंगा लागला होता. पुढं दोन खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांच्यावर नवे टॉवेल अंथरलेले. मी बायकांच्या मागं उभी राहिले. माईकवरचा माणूस म्हणाला, "आता गुरुजींचा सपत्नीक सत्कार होईल. उभयतांनी आसनस्थ व्हावं."

मी पदर सावरला. मला खरंच वाटलं, मी आलेली कुणीतरी बघितलं. एक पाय पुढंही टाकला. तेवढ्यात सिस्टर येऊन खुर्चीत बसली.

जी बाई कुणाच्या दारात बसायची नाही ती बसली. आणि तिच्या शेजारी गुरुजी. त्यांना टोपी घातली, टॉवेल-नारळ दिला. बायकांनी तिला हळदीकुंकू लावलं, साडीवर खण ठेवून पुढं केला, पदरात गहू घालून ओटी भरली. तिनं दोन्ही हातांनी पदर धरला होता, अगदी रीतसर.

माझ्या शेजारी एक बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती. मला म्हणाली, "लय चांगलं जोडपं हाय बघा आजी. दरसाल येतंय. लेकरूबाळ न्हाई म्हनं, म्हनून हे काम करायलेत."

माझी दोन पोरं आणि एक लेक त्या एका वाक्यात गेली.

सत्कार झाल्यावर गुरुजींना मी दिसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मी तिथंच होते. जवळ येऊन म्हणाले, "तू? इकडं कशी काय?"

"भाकरी घेऊन आले," मी म्हणाले. "जोडप्याला."

तेवढ्यात सिस्टर आली. तिनं ओटीतले गहू टेम्पोतल्या पिशवीत ओतले, नवी साडी घडीसकट ढिगावर फेकली आणि मला म्हणाली, "बरं झालं आलात. टेम्पोत बसा. रस्त्यात साड्या निवडा, रेशमी वेगळ्या काढा." आणि निघाली. ना लाज, ना काही.

टेम्पोवाला पूर्णेचा होता. बडबड्या माणूस. मी त्याला विचारलं, "हे असं सगळ्या गावांत चालतंय का?"

"काय, मावशी?"

"हेच. जोडीनं बसनं."

"चालतंय की. दरसाल. काही गावांत नुसता हार असतोय, काही गावांत टोपी-टॉवेल बी. का हो?" माझ्याकडं बघून त्याच्या काहीतरी ध्यानात आलं. "तुमी गुरुजीच्या बहीण ना?"

"बायको," मी म्हणाले.

त्यानं गिअर बदलला आणि झिरो फाट्यापर्यंत तोंड उघडलं नाही.

मला मात्र उलगडा झाला. दरवर्षी फेरीवरून आले की गुरुजी ढीगभर टॉवेल आणायचे. "सत्काराचे आहेत," म्हणायचे. मी त्या टॉवेलांना हात पुसत होते, त्यांच्यात दही बांधत होते, पापड वाळवत होते. कुणाच्या संसाराचे टॉवेल होते ते!

दिवस लांबच लांब. पूर्णा गेली, फाटा गेला, वसमत रोड लागला. उसाच्या ट्रॉल्या आल्या की टेम्पो कडेला घ्यायचा. दोन्ही बाजूंनी हरभरा, मधून मधून ज्वारी. घट्ट चड्डीवाले कधी पुढं पळायचे, कधी दमून मागं पडायचे, सावलीला बसून केळी खायचे, मोबाईलवर फोटो काढायचे. सिस्टर एकाच चालीनं जायची. चढ असो, उतार असो, तेच. आणि ती कधी मागं वळून बघायची नाही. कोण आलं, कोण राहिलं, तिला काही नाही. गुरुजी तिच्या मागं दोन हातांवर. मी काचेतून दोघांच्या पाठी बघत होते. गुरुजींची पाठ सरळ होती. घरात ती वाकलेली असते.

वस्ती आली की बायका रस्त्यावर यायच्या, सायकल थांबायची, सिस्टर पापण्या ओढायची, गाठोडी टेम्पोत पडायची. धुराचा वास, तेलाचा वास, लहान लेकराच्या दुधाचा वास. हात लावला की मला साडीचं सगळं कळतं, किती धुतलीय, कुठं विरलीय, कोणती वाकळेला चालेल. एकेक गाठोडं मांडीवर घेऊन मी निवडत होते आणि जळत होते.

परभणी आली. आमच्या गल्लीच्या वळणावर टेम्पोवाल्यानं गाडी हळू केली. "उतरता का, मावशी? घर आलंय तुमचं."

घर होतं. माझी बाज होती, माझा चहा होता, गुडघ्याचं तेल होतं. सिस्टर आणि गुरुजी सरळ पुढं गेले होते, घराकडं मान न वळवता. "चल पुढं," मी म्हणाले.

गावाबाहेर एका शेतातल्या आखाड्यावर, झोपडीच्या सावलीला, जेवायला थांबलो. मी सगळ्यांना वाढलं. डॉक्टर म्हणाले, "काकू, असा ठेचा आयुष्यात खाल्ला नाही." बाकीचे आडवे झाले तेव्हा मी सिस्टरसमोर जाऊन उभी राहिले. ती उभ्यानंच भाकरी खात होती.

"लोकांना खरं सांगायला काय होतंय तुमाला?" मी विचारलं.

तिनं घास संपवला. "पहिल्या वर्षी सांगितलं. हे माझे घरमालक, म्हणाले. तर बायका म्हणाल्या, घरमालकासंगं फिरती. त्याच्या आधी एकटी फिरले. एकटी बाई आली की दाराआडून बघतात, बाहेर येत नाहीत. जोडपं आलं की सुनासुद्धा बाहेर येतात, सासवा साड्या काढून देतात. टेम्पो भरतो."

"म्हणून माझा नवरा घेतला?"

"घेतला नाही हो. घेऊन काय करू? नवऱ्याला दोन वेळा जेवायला घालावं लागतं." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "तुमचं चूक नाही. पुढचं बोला."

पुढचं बोलायला मी गुरुजींकडं गेले. ते झाडाला टेकून पायाला तेल लावत होते.

"तुमाला तोंड न्हाई का?" मी म्हणाले. "जन्मभर पोरांपुढं बोललाव. एक वाक्य माईकवर बोलता येत न्हाई?"

"अगं, चांगल्या कामाला..."

"चांगल्या कामाला मी मेलेली पाहिजे का?"

"मेलेली कुठं? कुणी तसं म्हणालं नाही."

"न्हाई, मेलेली न्हाई. मी झालेच न्हाई. तुमच्या लेकरांसकट."

ते खाली बघत तेल चोळत राहिले. मग म्हणाले, "मी तिथं जातो तेव्हा मला कुणी म्हातारा म्हणत नाही." एवढंच. मीही म्हातारीच आहे. मी म्हातारी नाही, असं मला कोण म्हणणार?

पेडगावला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मारुतीच्या पारावर मंडप, पुन्हा भोंगा, पुन्हा दोन खुर्च्या. सपत्नीक शब्द ऐकला आणि मी टेम्पोचं दार उघडलं. माझे गुडघे कसे आहेत हे मलाच माहीत, पण त्या दिवशी मी भरभर चालले. सिस्टर एका बाईची पापणी बघत होती. ती वळायच्या आत मी जाऊन खुर्चीत बसले.

एक पोरगी लगबगीनं आली. "आजी, उठा तिथून. ती खुर्ची गुरुजीच्या मालकिणीची हाय."

"मीच मालकीण."

"अन् मंग ह्या?" तिनं सिस्टरकडं बोट केलं.

माईकवाला थांबला. बायकांत कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेत एक म्हातारी होती, माझ्याहून मोठी, कानानं कमी असावी, कारण सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "गुरुजीला दोन हायत का गं? थोरली कोणची मंग? ही का ती?"

लोक हसले. गुरुजी शेजारच्या खुर्चीवर टोपी हातात धरून बसले होते. त्यांचं तोंड कोरड्या भाकरीसारखं झालं होतं. मी त्यांच्याकडं बघत होते. आता बोलतील, मग बोलतील. नाही बोलले.

सिस्टर पुढं आली. माईकची तिला गरज नव्हती. म्हणाली, "खरी बायको हीच. तीन लेकरांची आई. वाकळा शिवते ती हीच. मी सायकलीपुरती." आणि त्या म्हातारीची पापणी ओढून म्हणाली, "मावशी, रक्त चांगलंय तुमचं."

मंडप हसून हसून लोटपोट झाला. सगळ्यात मोठ्यानं ती म्हातारी. मग माझी ओटी भरली, कुंकू लावलं, साडी दिली. हिरवी, बारीक काठाची. सत्कार झाल्यावर सिस्टरनं सवयीनं हात पुढं केला, साडी ढिगात टाकायला. "ही माझी," मी म्हणाले. तिनं हात मागं घेतला. ती साडी मी अजून नेसते.

आता कुणाला वाटेल, तिनं सगळ्यांसमोर खरं सांगितलं, मिटलं. काही मिटलं नाही. तिनं ते किती सहज सांगितलं! सायकलीपुरती. जसं काही सायकलीपुरतं म्हणजे थोडंच. मला त्या माणसाचा मळलेला सदरा मिळाला, खोकला मिळाला, औषधाच्या गोळ्या मिळाल्या, घोरणं मिळालं. हसणं सगळं सायकलीपुरतं होतं. ते तिच्याकडं गेलं आणि तिला ते मागावंही लागलं नाही.

पेडगावहून निघालो तेव्हा सूर्य समोर आला होता. मानवत रोडला मुक्काम होता. थोडं पुढं गेल्यावर गुरुजी सायकलवरून उतरले आणि पोटरी धरून उभे राहिले. गोळे आले होते. सिस्टर पुढं निघून गेली, मागं न बघता. टेम्पो त्यांच्याजवळ थांबला.

"बसा टेम्पोत," मी म्हणाले.

त्यांनी रस्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. सायकल ढिगावर चढवली आणि ते आत येऊन बसले. टेम्पोवाला, मधे मी, काचेला गुरुजी. मांडीवर माझी साडी, शेजारी माझा नवरा. सकाळपासून मला हेच पाहिजे होतं. मी पाणी दिलं, ते प्याले. पोटरी चोळायला हात पुढं केला तर म्हणाले, "राहू दे."

मग ते समोर बघत बसले. मान लांब करून. पांढरी साडी लांब गेली की डोळे बारीक करायचे. पुढं चढ लागला तर त्यांचा पाय खालच्या पत्र्यावर दाबला गेला, पायडल मारल्यासारखा. मागून एक ट्रक जोरात पुढं निघाला आणि गुरुजी काचेशी हळूच म्हणाले, "बाजूला घ्या, सिस्टर."

तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. माझं बाळंतपण अडलं होतं तेव्हाही नाही.

"थांबव रे गाडी," मी टेम्पोवाल्याला म्हणाले. आणि गुरुजींना म्हणाले, "उतरा."

"का? काय झालं?"

"काय व्हायचंय? इथं माणूस बसवला होता. हे गाठोडं झालंय. गाठोडी मागं आहेत तेवढी पुरे."

"पायात गोळा आहे अगं."

"गेला तो. मघाशीच गेला. उतरा."

ते उतरले. अंथरुणाची घडी घालायला मला हाक मारणाऱ्या माणसानं ढिगावरून सायकल एकट्यानं खाली काढली. बसले, पायडल मारलं आणि सुटले. मागं वळून बघितलं नाही. ती खोडही तिच्याकडूनच उचललेली.

तोवर अंधारायला लागलं होतं. गुरुजी तिच्याजवळ पोचले तेव्हा त्यांनी घंटी वाजवली. सिस्टरनं मान वळवली नाही, पण एवढीशी डावीकडं सरकली. शेजारी एक सायकल मावेल एवढी जागा झाली आणि ती त्यांनी भरली. दोघांपैकी कुणीतरी काहीतरी बोललं. गुरुजींचे खांदे हसल्यासारखे हलले.

टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, फुडं काढू का गाडी? लवकर पोचू आपण."

"नको," मी म्हणाले. "मागंच ऱ्हा. अन् लाईट लाव. दोघं नीट दिसले पाहिजेत मला."